डाव्या रांगेतले आबा

इनले तळ्यावरच्या कुणालाही विचारा, माणसाला दोन पाय कशाला असतात? तो सांगेल, एक उभं राहायला आणि दुसरा वल्हं मारायला. चालायला असतात असं कुणीच म्हणणार नाही, कारण आमच्याकडे चालणार कुठे? घर पाण्यात खांबांवर, टोमॅटोचे वाफे पाण्यावर तरंगते, आणि शेजारणीकडून चिमूटभर मीठ आणायचं तरी होडी सोडावी लागते.

येले गावच्या ऊ बा न्यूं यांनी या दोन कामांची वाटणी तेराव्या वर्षी केली आणि पुन्हा कधी बदलली नाही. डावा पाय होडीच्या मागच्या टोकावर रोवलेला, उजवा पाय वल्ह्याला वेटोळं घालून पाणी मागे रेटणारा, एक हात वल्ह्याच्या मुठीवर आणि दुसरा चिरूट ओढायला मोकळा. त्रेपन्न वर्षं हे असंच चाललं. गाव त्यांना आबा म्हणतं, आपणही आबाच म्हणू. माणूस भला, पण हट्टी. मोडेन पण वाकणार नाही हा बाणा, आणि झालंही तसंच. वाकायच्या आधी मोडले.

आबांच्या लेखी जगातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावची लांब होडी. पावसाळा सरता सरता फाउंग डॉ ऊचा उत्सव येतो, बुद्धमूर्तींची सोनेरी नौका गावोगाव फिरते आणि ती ओढायला प्रत्येक गाव आपापली होडी पाठवतं. येलेच्या होडीत अठ्ठेचाळीस माणसं, चोवीस उजव्या रांगेत, चोवीस डाव्या. उजवी रांग डाव्या पायावर उभी राहून उजव्यानं वल्हं मारते, डाव्या रांगेचं सगळं उलटं. आबा लग्न झालं त्या वर्षापासून उजव्या रांगेत. होडी आम्हीच नेतो, असं उजव्या रांगेचं ठाम मत. "डावी रांग वजनाला घेतलीय, होडी कलंडू नये म्हणून," हा आबांचा लाडका विनोद. डाव्या रांगेचा म्होरक्या ऊ सान पे हा त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यामुळे हा विनोद जेवताना, बाजारात, विहाराच्या पायरीवर, कुठेही आणि कितीही वेळा करायची आबांना मुभा होती.

गंमत अशी की उत्सवाच्या संध्याकाळी पाय दुखायचा तो आबांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा, दॉ ओन खिनचा. दर वर्षी. आबा तिळाच्या तेलाची बाटली घेऊन बसत आणि तिचा उजवा पाय चोळता चोळता म्हणत, "वल्हं मारायचं मी आणि पाय दुखायचा तुझा, ही कुठली वाटणी?"

"सकाळपासून चुलीपाशी उभी आहे, को न्यूं," ती म्हणे; आबांना ती याच नावानं हाक मारायची. "एवढ्या पाहुण्यांचा भात काय तुमची उजवी रांग शिजवते?"

आबांच्या स्वतःच्या खुब्यानं दोन वर्षं तक्रार केली. डाव्या कुशीवर झोपलं की ठणका, घराची शिडी चढताना कळ, होडीतून उतरताना मांडीच्या बाहेरच्या बाजूनं आग. आबांनी त्यावर बाम लावला, गरम विटेचा शेक दिला, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा खुब्याकडे दुर्लक्ष केलं. मागच्या वर्षी उत्सवाच्या चार दिवस आधी लांब होडी सरावाला निघाली. दुसऱ्याच वळणावर आबांच्या खुब्यात काहीतरी तटकन तुटलं आणि आबा चिरुटासकट पाण्यात. उत्सव त्यांनी घरात पडून ऐकला.

आता आमच्या गावचा एक नियम आहे. एक उत्सव चुकला तर गाव काही म्हणत नाही. लागोपाठ दोन चुकले की तिसऱ्या वर्षापासून तो माणूस होडीच्या मधल्या फळीवर बसतो आणि झांजा वाजवतो. कायमचा. यात अपमान काही नाही, झांजेवाल्याला चहा आधी मिळतो. पण इनलेवर उभा माणूस आणि बसलेला माणूस ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. मधल्या फळीवर तेव्हा ऊ फो थी बसत, वय वर्षं ब्याऐंशी, तोंडात दोन दात. ते आबांना बघायला आले आणि जाताना मायेनं म्हणाले, "माझ्या शेजारी जागा आहे हो." त्या रात्री आबा जेवले नाहीत.

थंडी पडायला लागली तसे आबांना टाउंजीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जनांनी चित्र काढून दाखवलं. खुब्याच्या बाजूचा स्नायू हाडाला एका दोरीनं बांधलेला असतो, कंडरा म्हणतात तिला. माणूस एका पायावर उभा राहिला की हीच दोरी त्याला कलंडू देत नाही. आबांची दोरी झिजून झिजून हाडापासून सुटली होती. "पन्नास वर्षं एकाच पायावर उभे राहिलात," सर्जन म्हणाले, "दोरीनं बरीच कळ काढली म्हणायची." त्यांनी ती पुन्हा हाडाला शिवून टाकली, आणि पुढचं काम शुन लेई नावाच्या मुलीकडे दिलं.

शुन लेई व्यायाम शिकवणारी. वय सत्तावीस, गालावर चंदनासारख्या तनाखा लेपाचे दोन नीटस गोल, आवाज मऊ आणि शिस्त कडक. टाउंजीच्या डोंगरावर जन्मलेली, त्यामुळे पाणी म्हणजे नळाला येतं ते, एवढीच तिची पाण्याशी ओळख.

"आबा, नीट ऐका," ती म्हणाली. "सहा आठवडे कुबड्या. डाव्या पायावर भार द्यायचा नाही. मांडी घालायची नाही, विहारात पाय एका बाजूला दुमडून बसायचं नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. शिडी दिवसातून एकदाच. उगाच चालायचं नाही. सगळं कागदावर लिहिलंय."

"सहा आठवडे," आबा म्हणाले. "आणि उत्सव?"

"कधी असतो?"

"अजून अकरा महिने आहेत."

"मग जमेल, आबा. पण घाई केलीत तर नाही जमणार."

आबांनी तो कागद घराच्या खांबाला चिकटवला आणि शब्द न् शब्द पाळला. दॉ ओन खिन स्वतः पहारा करायची. उशी काय, कुबड्या काय, विहारात खुर्ची मागवली काय! इतका शहाणा रुग्ण दवाखान्यानं पाहिला नसेल, असं आबांना मनापासून वाटत होतं. पाचव्या आठवड्यात ते तपासणीला गेले आणि शुन लेईनं खुब्यावर बोट टेकवताच ओरडले.

"आराम केलात ना, आबा?"

"पूर्ण आराम. एक पाऊल चाललो नाही."

"मग एवढी सूज कशी? घरात काय करता दिवसभर?"

"घरात असतो कुठे? मी होडीतच असतो."

"होडीत बसून?"

आबांना प्रश्नच कळला नाही. "होडीत बायका बसतात, लेकी. मी उभा असतो."

"दोन्ही पायांवर?"

आबांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं फरशीकडे बघितलं.

"डाव्या पायावर, बाळ," दॉ ओन खिन हळूच म्हणाली. "रोज सकाळी वाफ्यांपर्यंत जातात आणि येतात. कुबड्या होडीत आडव्या ठेवतात. मी दोनदा विचारलं, तर म्हणाले, कागदावर चालू नका लिहिलंय, होडी कुठे लिहिलीय? मी पण वाचून बघितलं. खरंच नव्हती लिहिलेली."

शुन लेई खुर्चीवर बसली. रागावली नाही. तिच्या ध्यानात आलं की ही दोन माणसं खोटं बोलत नाहीत, बहाणा करत नाहीत. चालणं म्हणजे कष्ट आणि एका पायावर उभं राहणं म्हणजे विसावा, असं मानणाऱ्या गावातून ती आली आहेत.

"भार देऊ नका, असं लिहिलं होतं ना?" ती म्हणाली.

"मी म्हटलं, भार म्हणजे पोती."

तपासणी झाली. टाके सुटले नव्हते, पण ताणले होते. सहा आठवडे पहिल्यापासून मोजायचे असं ठरलं. आबांनी तिथल्या तिथे बोटांवर महिने मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चूक माझीही आहे," शुन लेई म्हणाली. "कशावर औषध करतेय तेच मी बघितलेलं नाही. येत्या बाजाराला मी तुमच्या गावी येते. हा तुमचा आराम मला डोळ्यांनी बघायचाय."

तोवर होडी दॉ ओन खिनच्या हातात गेली. चाळीस वर्षं पुढे बसून हातवल्हं मारणारी बाई आता मागे बसली आणि आबा पुढे, मांडीवर कुबड्या घेऊन. बाजाराच्या वाटेवर जो भेटेल तो विचारी, "काय आबा, सासरी निघालात का?" दॉ ओन खिन आबांच्या वतीनं उत्तर द्यायची, "हो ना, पण माहेरचा हट्टी स्वभाव काही सुटत नाही."

पाच दिवसांनी बाजार भरला तेव्हा शुन लेई आली. तिला आणायला सान पे गेला होता. होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून ती आमच्या धक्क्याला लागली. उतरल्यावर आधी तिनं दोन कप पातळ चहा घेतला, तळलेला टोफू खाल्ला, मग कुठे तिचा रंग परत आला. "आता दाखवा," ती म्हणाली. आबांना तर बंदी. मग सान पेनंच होडीच्या टोकावर उभं राहून घराला दोन फेऱ्या मारून दाखवल्या.

शुन लेई धक्क्यावर बसून त्याचा खुबा बघत होती. एकदम म्हणाली, "हे काका तर उजव्या पायावर उभे आहेत!"

"तो डाव्या रांगेचा आहे," आबा म्हणाले. जसं काही हा एक आजार आहे.

"मग झालं की. आबा, तुम्हीही डाव्या रांगेत जा. चांगल्या पायावर उभे राहा, शिवलेल्या पायानं वल्हं मारा. तेवढं काम त्याला करता येईल, उत्सवापर्यंत नक्की येईल. पण दिवसभर त्याच्यावर उभं राहणं मी या वर्षी करू देणार नाही. पुढचं पुढे बघू."

सान पेनं वल्हं थांबवलं. दॉ ओन खिननं पदरासारखा खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला, ती हसत होती हे मागून कळत होतं.

"त्यापेक्षा झांजा बऱ्या," आबा म्हणाले आणि कुबड्या घेऊन आत गेले.

पण झांजा बऱ्या वाटतात त्या बोलण्यापुरत्याच. कुबड्या सुटल्या तसे आबा व्यायामाला लागले. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुडघ्यांभोवती घालून पाय बाजूला उचलायचा. पाठीवर झोपून कंबर वर. एका पायरीवर चढ-उतार. आणि आता चालायचंही होतं, रोज दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. चालणार कुठे? घराभोवतीच्या फळ्यांवरून, आणखी कुठे! एका फेरीला छत्तीस पावलं. आबा हातात जपमाळ घेऊन फेऱ्या मोजत. खालून होडीतून जाणारे हात जोडत, त्यांना वाटे आबांनी मोठं व्रत धरलंय.

"असेच फिरत राहिलात तर घरालाच चक्कर येईल," दॉ ओन खिन म्हणायची. पण फेऱ्या चुकल्या तर आतून आवाज यायचा, "अजून चार राहिल्यात, को न्यूं! मी मोजतेय!"

जून महिन्यात शुन लेईनं उथळ पाण्यात, रोज दहा मिनिटं, उजव्या पायावर उभं राहून वल्हं धरायला परवानगी दिली. कुणीतरी सोबत हवं, ही अट. आबांनी सोबत म्हणून बायकोला पुढे बसवलं, पाठ करून. कुणी बघू नये म्हणून वाफ्यांच्या मागच्या बाजूला गेले. त्रेपन्न वर्षं होडी वल्हवलेला माणूस, पाय बदलला आणि तान्हं बाळ झाला. वल्ह्याला वेटोळं घालायला गेला तर वल्हं एकीकडे, पाय दुसरीकडे. होडी पुढे जाईना, जागच्या जागी गोल फिरू लागली. तिसऱ्या फेरीत ती शेजाऱ्याच्या वाफ्यात घुसली आणि आबा टोमॅटोंवर बसले.

"मी काहीच बघितलेलं नाही," दॉ ओन खिन पुढे बघतच म्हणाली. "पण मिरच्या आहेत घरात. चटणी करू का?"

त्या दिवशी आबा वाकले. दुपारी चहाच्या दुकानात गेले. डावी रांग तिथे जमून बसली होती आणि मध्ये सान पे.

"सान पे," आबा म्हणाले, "मला शिकव."

"काय शिकवू, दाजी?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

"मला कुठलं काय ठाऊक? मी तर वजनाला घेतलेला माणूस." सान पेनं सावकाश चहा ओतला. चाळीस वर्षं वाट बघितलेली संधी होती, घाई कशाला करील? "एक वाक्य बोला, दाजी. सगळ्यांना ऐकू जाईल असं. होडी डावी रांगही नेते."

आबांनी चिरूट पेटवला. विझवला. पुन्हा पेटवला. "होडी," ते म्हणाले, "डावी रांगही नेते."

"'ही' वर जरा कमी जोर द्या."

दुकान हसून हसून आडवं झालं, आणि खरं सांगायचं तर आबाही हसले. दुसऱ्या सकाळपासून सान पे त्यांना शिकवू लागला. दाजींना चिडवताना तो जितका वाईट होता, तितकाच शिकवताना चांगला निघाला. वल्हं ओढायचं नाही, पावलानं पाण्यावर पायरी उतरल्यासारखं दाबायचं. खुबा बाहेर टाकायचा नाही. दमलं की थांबायचं, आणि थांबलं की बसायचं. बसायचं, हे शिकायलाच आबांना सगळ्यात जास्त दिवस लागले.

ऑगस्टअखेर शेवटची परीक्षा होती. "उजव्या पायावर उभे राहणार असलात तरी शिवलेल्या पायाचा भरवसा हवा," शुन लेईचं म्हणणं. "होडीत चढायचं, उतरायचं, कुणाचा धक्का लागला तर सावरायचं. डाव्या पायावर तीस सेकंद उभे राहा, आणि कंबर एका बाजूला पडता कामा नये. मग उत्सवात वीस मिनिटांची परवानगी. नाहीतर यंदा नाही."

वीस मिनिटं आबांना पुरेशी होती. गाव सोडताना जो उभा असतो तो उभा धरला जातो, पुढे तो बसला तरी चालतं. म्हणजे सगळं त्या तीस सेकंदांवर आलं.

दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर आबांनी उजवा पाय उचलला. अकराव्या सेकंदाला डगमगले. पुन्हा उचलला. नवव्याला भिंत धरली.

"फरशी हलत नाही," आबा कुरकुरले. "पायाखालचं हलत नसेल तर माणसानं तोल धरायचा कशाला?"

"नाचता येईना अंगण वाकडं," दॉ ओन खिन कोपऱ्यातून म्हणाली. मग उठून जवळ आली. "पायाकडे काय बघताय? खाली बघितलं की माणूस खालीच जातो. लांब बघा. खूप लांब, न हलणारं काहीतरी. आणि श्वास कोंडू नका, तोंडानं काहीतरी पुटपुटत राहा."

आबांनी खिडकीतून बघितलं. टाउंजीच्या उतारावरून पार खाली तळ्याची पांढरी रेघ दिसत होती आणि तिच्या पलीकडे पश्चिमेचा डोंगर. आबांनी नजर डोंगराला बांधली, त्रिशरण पुटपुटायला लागले आणि उजवा पाय उचलला. कंबर सरळ राहिली. शुन लेईनं तीस म्हटलं, आबांनी ऐकलं नाही. चाळीसला तिनं टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी पाय टेकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि शुन लेईच्याही.

"आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तिनं दॉ ओन खिनला विचारलं. "आम्हाला हे कॉलेजात शिकवतात."

"ऐकलंय कुठेतरी," दॉ ओन खिन म्हणाली आणि छत्री शोधायला लागली.

उत्सवाची सकाळ उजाडली. आबांनी शान पद्धतीची नवी निळी घोळदार विजार घातली, डोक्याला फेटा गुंडाळला. डाव्या रांगेत त्यांना शेवटची, चोविसावी जागा मिळाली, नवशिक्याची. त्यांच्या पुढे तेविसावा सान पे. म्होरक्याची पुढची जागा त्यानं त्या दिवसापुरती दुसऱ्याला दिली होती. का, ते विचारलं तर म्हणाला, मागे वारा चांगला लागतो. उजव्या रांगेतून आरडाओरडा झाला, "आबा, वजन नीट धरा हं!" आबांनी त्यांना हात केला. ढोल वाजला, झांजा वाजल्या, अठ्ठेचाळीस पाय एकदम पाण्यात गेले.

होडी गावातून बाहेर पडते ती विहाराच्या लांब धक्क्याला डावीकडे ठेवून. सगळ्या बायका निरोप द्यायला त्या धक्क्यावर उभ्या असतात. एक्केचाळीस वर्षं आबा उजव्या रांगेत होते. त्यांच्या आणि धक्क्याच्या मध्ये चोवीस माणसांची भिंत. आज मध्ये कुणी नव्हतं. धक्का उघडा दिसत होता, एकेक चेहरा ओळखू येत होता.

धक्क्याच्या टोकाला, शेवटच्या खांबाशेजारी, दॉ ओन खिन उभी होती. जांभळी लुंगी, केसात फूल. ती हात हलवत नव्हती, होडीकडे बघतही नव्हती. तिची नजर पश्चिमेच्या डोंगरावर होती आणि ओठ हलत होते. डावं पाऊल वर घेऊन तिनं उजव्या गुडघ्यामागे टेकवलं होतं. ती एका पायावर उभी होती.

आबांचं वल्हं चुकलं आणि सान पेच्या वल्ह्यावर आपटलं.

"दिसली वाटतं," सान पे मागे न बघता म्हणाला.

"ती काय करतेय?"

"दर वर्षी करते. लग्नानंतरच्या पहिल्या उत्सवाला तुम्ही ऐन धक्क्यासमोर पाण्यात पडला होतात, आठवतंय? दुसऱ्या वर्षापासून हे व्रत धरलंय तिनं. होडी धक्का ओलांडेपर्यंत पाय टेकायचा नाही, म्हणजे तुमचा पाय सुटत नाही."

"चाळीस वर्षं?"

"आम्ही बघतोय ना चाळीस वर्षं. अख्खी डावी रांग बघतेय."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"उजव्या रांगेनं कधी विचारलं?"

"ओन खिन! पाय खाली ठेव!" ते ओरडले, पण ढोल-झांजांत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. तिचा उजवा पाय थरथरत होता. त्रेसष्ट वर्षांचा पाय तो. होडी धक्का ओलांडेपर्यंत ती दुसरा खाली ठेवणार नाही, हे आबांना आता कळलं होतं, आणि आपण आत्ता पडलो तर तिची चाळीस वर्षं पाण्यात जातील, हेही. त्यांनी मान वळवली, नजर पश्चिमेच्या त्याच डोंगराला बांधली आणि शिवलेल्या पायानं पाणी दाबलं. पुन्हा दाबलं. इतक्या जोरात की सान पे म्हणाला, "हळू दाजी, उजवी रांग मागे पडतेय."

धक्का मागे गेला. आबांनी वळून बघितलं तेव्हा ती दोन्ही पायांवर उभी होती आणि खांब धरून हात हलवत होती. वीस मिनिटांनी आबा मधल्या फळीवर, ऊ फो थींच्या शेजारी, आपणहून जाऊन बसले. झांजा त्यांनी वाईट वाजवल्या, पण मन लावून.

संध्याकाळी पाहुणे गेले आणि आबांनी तेलाची बाटली काढली. दॉ ओन खिननं नेहमीसारखा उजवा पाय पुढे केला. आबांनी आधी तिच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, कागदावर होती तशी.

"चुलीपाशी उभी होतीस ना?" ते म्हणाले.

ती हसली. मग म्हणाली, "सान पे बोलला वाटतं."

"मला दिसलीस. का सांगितलं नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर समोर बघायचं सोडून तुम्ही माझ्याकडे बघितलं असतं. आज बघितलंत ना? वल्हं कुठे गेलं?"

"उद्यापासून तुझेही व्यायाम. ती ट्यूबची पट्टी आता तुझी. आणि पुढच्या वर्षी दोन्ही पायांवर उभं राहायचं. मी नाही पडत."

दॉ ओन खिननं डोळे मिटून घेतले. आबांना वाटलं, तिला झोप लागली.

"गेल्या वर्षी सरावाला मी आले नव्हते," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत तो एकच दिवस. टोमॅटो तोडायचे राहिले होते, म्हटलं, सरावच तर आहे."

आबांचा हात थांबला. खुबा झिजला होता, दोरी दोन वर्षं तुटतच होती, सर्जनांनी चित्र काढून दाखवलं होतं, हे सगळं त्यांना तिला सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. हातावर आणखी थोडं तेल घेतलं.

"मग आता एकही सराव चुकवू नकोस," ते म्हणाले. "मी जागा दाखवतो. डाव्या रांगेतून छान दिसतेस."